एकशेएक टक्के

कारखान्यात त्यांना सगळे 'एकशेएक' म्हणत. 'शंभर टक्के' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नसे. "उद्या येणार ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "एकशेएक टक्के." ऐकणाऱ्याला तो उत्साह वाटे. प्रत्यक्षात तो त्यांचा धंदा होता.

हा धंदा समजून घ्यायला दोन मिनिटं लागतात. ज्यांनी ती दोन मिनिटं वाचवली त्यांचे पुढे पाच महिने गेले, तेव्हा वाचकाने ती आत्ताच खर्चलेली बरी. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू करायची तर आधी ती हुबेहूब लाकडात करावी लागते. त्या लाकडी नमुन्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि खाली उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर. म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करायचा. दरवेळी आकडेमोड कोण करणार, म्हणून पॅटर्नमेकरकडे एक खास पोलादी पट्टी असते. तिच्यावरचे सेंटिमीटरच मुळात अंगाने भरलेले. कारखान्यात तिला 'वाढीव पट्टी' म्हणत. शंभर म्हणायचं आणि एकशेएक द्यायचे, असा व्यवहार करणारी दुसरी वस्तू जगात असेलसं वाटत नाही.

एकशेएक यांनी चौतीस वर्षं या पट्टीने मोजलं. खिशात तीच, हातात तीच, आणि लग्नानंतर महिन्याभरात हौसेने घरचा पलंग केला तेव्हाही तीच. गादी बाजारातून आली, दोन मीटरची. पलंग निघाला दोन मीटर दोन सेंटिमीटर. डोक्याकडे फट राहिली आणि उशी रोज रात्री त्या फटीत तोंड घालून झोपू लागली.

"हा पलंग लोखंडाचा असता तर गादी बसली असती," त्यांनी नव्या नवरीला समजावलं.

"मग मी काय करू? थंड व्हायची वाट बघू?" नवी नवरी म्हणाली, आणि एक जुनी चादर गुंडाळून फटीत खुपसली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत सात चादरी त्या फटीत नोकरीला लागून निवृत्त झाल्या. पलंग तोच आहे. तो बदलायचा विषय निघाला की एकशेएक म्हणतात, "माप बरोबर आहे त्याचं." कशाच्या मानाने बरोबर, हे विचारायचं घरात सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

कारखाना बंद पडला, त्यावर झाडं उगवली, आणि मग शेजारी मेट्रोचं स्थानक उभं राहिलं. त्याचं नाव 'जुना कारखाना'. दर सहा मिनिटांनी एक गोड आवाज हे नाव उच्चारतो आणि दर सहा मिनिटांनी एकशेएक कारखान्यामागच्या कामगार वसाहतीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून म्हणतात, "बंद म्हण की सरळ. जुना तर तो चालू असतानाही होता."

स्थानक बांधताना कारखान्याची चिमणी आणि पॅटर्नचं कोठार यांना वारसा म्हणून जाहीर करण्यात आलं. ज्या वस्तूला वारस उरत नाही आणि जी पाडायचा कंटाळा येतो, तिला बहुधा वारसा म्हणतात. त्या वारशाला शोभेल असं काहीतरी हवं, म्हणून स्थानकाच्या तीन नंबरच्या दरवाजाला कारखान्याच्या मूळ फाटकासारखं बिडाचं नक्षीदार फाटक बसवायचं ठरलं. मूळ फाटक कधीच भंगारात गेलं होतं. पण त्याचा लाकडी पॅटर्न कोठारात शाबूत होता, आणि तो दाखवायला एकशेएक यांना मुद्दाम बोलावण्यात आलं.

मापं घ्यायला एक डिझायनर बाई आल्या. तरुण, कामाला चोख. हातात लाल ठिपका टाकणारं यंत्र. एका झडपेची रुंदी त्यांनी तीनदा मोजली. तिन्हीदा एकच आकडा आला, एक मीटर पंधरा मिलिमीटर.

"ताई, हे माप घेऊ नका," एकशेएक म्हणाले. "हे लाकूड वाढीव आहे."

"हो काका, ओलाव्याने फुगतं ना लाकूड. पण मी ओलावा पण तपासलाय. आता अगदी कोरडं आहे."

"कोरडं आहे, पण वाढीव आहे."

"मी लिहून घेते," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच लिहून घेतलं.

या दोन वाक्यांमध्ये जे गेलं ते पुढे कित्येक महिने कुणालाच सापडलं नाही. दोन झडपांचे मिळून दोन मीटर तीस मिलिमीटर हा आकडा धरून दगडी खांब बांधले गेले. पॅटर्नवरून फाटक ओतलं गेलं, थंड झालं आणि आपल्या धर्माप्रमाणे आकसलं. बसवलं तेव्हा दोन झडपांच्या मध्ये वीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा बोट फट राहिली आणि कडी हवेत लोंबकळली. कडी लागत नाही म्हटल्यावर सुरक्षेचा नियम पुढे आला. जे फाटक रात्री बंद करता येत नाही ते दिवसा उघडता येणार नाही. फाटकावर पत्रे ठोकण्यात आले. स्थानकाचं उद्घाटन झालं, भाषणं झाली, तीन नंबर सोडून सगळे दरवाजे सुरू झाले.

याचं एकशेएक यांना फक्त हसू आलं असतं. पण स्थानकाची लिफ्ट नेमकी तीन नंबरला होती.

त्यांच्या पत्नीचे गुडघे गेले होते. त्या घरी शिवणकाम करत, मशीन पायाने चालवायचं, चाळीस वर्षं. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येऊन यंत्रावर व्यायाम करा, गुडघा नव्वद अंशात वळायला लागला तर ऑपरेशन टळेल. तीन महिन्यांनी बघू. "आणि जिने बिलकुल चढायचे नाहीत." दवाखाना मेट्रोने दोन स्थानकं. तीन नंबरचा दरवाजा घरापासून चाळीस पावलांवर. पण तो बंद. वसाहतीची गल्ली मेट्रोच्याच खोदकामाने अडलेली, त्यामुळे दाराशी गाडी येत नाही. बाकीचे दरवाजे रस्त्यापलीकडे, तिथे जायला उरला पादचारी पूल. सेहेचाळीस पायऱ्या वर, सेहेचाळीस खाली.

"म्हणजे जिने न चढण्यासाठी आधी जिना चढायचा," पत्नी म्हणाल्या. ऑपरेशनचा विषय त्या थट्टेवारी नेत. पण त्यांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, आणि ती त्यानंतर खुर्चीतून उठली नव्हती. ते त्या कधी बोलत नसत. म्हणूनच घरात सगळ्यांच्या ते सतत लक्षात असे.

दोनदा त्या पूल चढून गेल्या. दुसऱ्यांदा गुडघा नारळाएवढा सुजला आणि डॉक्टर रागावले. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत. आणि पत्र्यांपलीकडे ती लिफ्ट रोज चालू असे. देखभालीच्या करारात 'लिफ्ट दिवसभर चालू ठेवणे' असं कलम होतं. रिकामी लिफ्ट वर जाई, खाली येई, आणि स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या बाईंना स्पष्ट ऐकू येई असं म्हणे, "दरवाजा उघडत आहे."

"उघडतोय बघा," बाई म्हणत. एकशेएक पेपर आपटत.

ते स्थानक व्यवस्थापकाकडे गेले. हा गृहस्थ इतका नम्र होता की त्याच्याशी भांडायला माणूस दोन दिवस उशिरा सुरुवात करी.

"काका, तुमची अडचण मला शंभर टक्के पटते."

"शंभर टक्केच पटते, तिथेच घोळ झालाय साहेब."

व्यवस्थापकाने तक्रारवही पुढे केली. तिच्यात चार रकाने होते. स्वच्छता, वर्तणूक, हरवलेली वस्तू, इतर. 'इतर'चा रकाना भरून ओसंडला होता. एकशेएक यांनी जरा विचार करून 'हरवलेली वस्तू' या रकान्यात लिहिलं, 'वीस मिलिमीटर. तीन नंबरच्या फाटकाजवळ.' आठ दिवसांनी घरी छापील पत्र आलं. सदर वस्तू आढळल्यास कळवण्यात येईल.

मग समिती नेमली गेली. समितीने पाहणी करून निष्कर्ष काढला की ओतकाम सदोष आहे, आणि त्याच पॅटर्नवरून फाटक पुन्हा ओतून घेतलं. सहा आठवडे गेले. नवं फाटक आलं, बसवलं. फट वीस मिलिमीटर. अहवालात नोंद झाली की दोन्ही वेळच्या मापांमध्ये उल्लेखनीय सातत्य आढळले आहे. कुणीतरी खांब सरकवायचं सुचवलं. पण खांब तोवर वारशाच्या हद्दीत गेले होते, त्यांना हात लावता येणार नव्हता. पाच महिन्यांचा खांब वारसा ठरला. चौतीस वर्षं काम केलेला माणूस मात्र फाटकापाशी उभा राहिला की पहारेकरी त्याला "पुढे चला" म्हणे.

तोपर्यंत डॉक्टरांच्या तीन महिन्यांतले सहाच आठवडे उरले होते.

दुसऱ्या फाटकाची फट बघायला डिझायनर बाई स्वतः आल्या. चेहरा उतरलेला. एकशेएक यांनी त्यांना पत्र्यांपाशी गाठलं आणि हाताला धरून नेल्यासारखं स्थानकाच्या दालनात नेलं. तिथे काचेच्या पेटीत कारखान्याच्या जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यांत त्यांनीच कौतुकाने देऊन टाकलेली त्यांची वाढीव पट्टी होती. खाली पाटी, 'कामगार वापरत ती प्रमाण मोजपट्टी'.

"प्रमाण!" एकशेएक म्हणाले. "तुमचा टेप काढा ताई. काचेवर धरा. शून्याला शून्य लावा."

बाईंनी टेप धरला. पट्टीवरचे साठ टेपवरच्या साठाला भेटायला तयार नव्हते. सहा मिलिमीटर पुढे जाऊन उभे होते. बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"काका, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं. तुम्ही लिहूनही घेतलंत."

बाईंनी फोनमध्ये जुनी टिपणं शोधली. सापडलं. 'लाकूड वाढीव (ओलावा?). दुर्लक्ष करावे.'

त्या बऱ्या स्वभावाच्या होत्या, कुणावर ढकललं नाही. चूक माझी, म्हणाल्या, नवा पॅटर्न करायचा प्रस्ताव आजच पाठवते. मंजुरीला अकरा आठवडे.

"अकरा," एकशेएक म्हणाले, आणि घरी आले.

घरी आल्यावर ते पाऊण तास बोलले. समितीवर, लेझरवर, प्रमाण या शब्दावर. पत्नी पलंगावर पाय लांब करून एका शाळेच्या गणवेशाला काज करत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी दोरा दाताने तोडला.

"अहो, एवढं कशाला? फट आहे ना? मग खुपसा काहीतरी तिच्यात." आणि सुई धरलेल्या हाताने डोक्याकडच्या चादरीच्या गुंडाळीकडे दाखवलं. "चाळीस वर्षं चाललंय."

एकशेएक यांचा चेहरा असा झाला की जणू बायकोने त्यांना चोरी करायला सांगितलं. फटीत काही घालणं म्हणजे पाचर मारणं. पॅटर्नच्या कोठारात पाचर ही शिवी होती. ज्याचा सांधा जुळला नाही आणि ज्याने गुपचूप पाचर ठोकली, त्याचा पॅटर्न म्हातारे मिस्त्री पायाने उलटा करत आणि सगळ्यांदेखत म्हणत, "आज झाडू तुझ्याकडे." चौतीस वर्षांत एकशेएक यांच्या हाती झाडू एकदाही आला नव्हता. आयुष्यात मिरवण्यासारखी त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट होती.

"मी पाचर मारणार नाही," ते म्हणाले. "चूक त्यांची आणि पाचर माझी? लोक मला पाचरवाला म्हणतील."

"कोण लोक?"

"आहेत लोक."

"निम्मे वर गेले. उरलेल्यांना दिसत नाही." बाईंनी गणवेश बाजूला ठेवला. "हे बघा. तुमच्या पाचरीपेक्षा माझा गुडघा मोठा आहे. सुजलेला तर आहेच. मला ताईसारखं खुर्चीत बसायचं नाही."

बहिणीचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं होतं. बाहेर लिफ्ट म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे." एकशेएक उठले आणि पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढायला लागले.

सव्वादोन मीटर उंचीची, वीस मिलिमीटर रुंदीची एक बिडाची पट्टी, तीन तुकड्यांत. एका झडपेच्या कडेला सात बोल्टांनी बसवायची. भोकं फाटकाच्या भोकांशी जुळली नाहीत तर सगळं फुकट. म्हणजे पॅटर्न करताना वाढीव माप हवं. आणि वाढीव पट्टी काचेत. काचेच्या पेटीची किल्ली मुख्य कार्यालयात, आणि मुख्य कार्यालय म्हणालं अर्ज करा.

"गुणाकार करा की," बाई म्हणाल्या.

"आकडेमोड करून पॅटर्न करायचा म्हणजे पुस्तक वाचून पोहण्यासारखं आहे." चिडून त्यांनी बायकोचा शिवणकामाचा टेप ओढला, पिवळा, कडा विरलेला, ज्याची त्यांनी तीस वर्षं टिंगल केली होती. "आणि हा तर तुझा. ताणून ताणून याची आतडी बाहेर आलीत. फेकून दे म्हटलं तर ऐकशील तर शपथ."

केवळ बायकोला दाखवून द्यावं म्हणून त्यांनी तो पोलादी टेपच्या शेजारी पसरला. शून्याला शून्य लावलं. बायकोचा टेप दीडशे म्हणत होता तिथे पोलादी टेप एकशे साडेएक्कावन्न म्हणत होता. त्यांनी पुन्हा लावला. मग पन्नासावर बघितलं, शंभरावर बघितलं. पन्नासाला अर्धा, शंभराला एक.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"सैल शिवतेस, सैल शिवतेस म्हणून डोकं खात होतात ना? शाळेच्या पोरांच्या आया म्हणूनच येतात माझ्याकडे. पोरं वाढतात."

एकशेएक कानामागची पेन्सिल काढून कामाला लागले. तो वाढीव टेप इतकी वर्षं घरात होता, आणि जगातल्या एकूण दोन माणसांना त्याचा उपयोग होता, त्यांतले एक ते स्वतःच होते हे पचवायला त्यांना वेळ हवा होता.

चार दिवसांत पॅटर्न झाला. ओतायला ते जुन्या सोबत्याकडे गेले. हा मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा. कारखाना बंद झाल्यावर त्याने शहराबाहेर एका शेडमध्ये गटाराची झाकणं ओतायला सुरुवात केली होती. त्याने पॅटर्न हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काय रे एकशेएक, शेवटी पाचर?"

"पट्टी म्हण."

"पट्टी म्हणतो. दिसतेय पाचर."

"ओत मुकाट्याने."

"झाडू देऊ का?" मोल्डर म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला. पण वाळू त्याने दोनदा चाळली, आणि पट्टी ओतली ती आरशासारखी.

आता शेवटची अडचण. दुरुस्ती करायची तर निविदा काढावी लागते. व्यवस्थापकाने हे अत्यंत खेदाने सांगितलं. मात्र नागरिकाने शोभेची वस्तू भेट दिली तर डिझायनरची सही पुरते. डिझायनर बाई अर्ज घेऊन फाटकापाशी आल्या.

"काका, नियमाप्रमाणे विचारते. ही दुरुस्ती आहे का?"

"पाचर आहे."

"काका, मी पुन्हा विचारते हं."

एकशेएक यांनी खोदलेल्या गल्लीकडे पाहिलं. पत्नी घराच्या दारात खांबाला धरून उभी होती, बाहेर जायचे कपडे करून. सकाळपासून.

"शोभा आहे," ते म्हणाले.

सातही भोकं जुळली. कडी खटकन बसली. पत्रे निघाले. मंगळवारी सकाळी साडेदहाला बाई चाळीस पावलं चालत फाटकातून आत गेल्या. लिफ्ट म्हणाली, "दरवाजा उघडत आहे," आणि बाई म्हणाल्या, "माहीत आहे गं."

उरलेल्या चार आठवड्यांत त्यांच्या बारा फेऱ्या झाल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा वळवून बघितला. अठ्ठ्याऐंशी अंश.

"नव्वद नाही," डॉक्टर म्हणाले, "पण ऑपरेशनचं नाव आता काढत नाही. येत राहा."

"दोन कमीच," बाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "बघा, मी आकसले."

यानंतर एकशेएक यांनी शांत व्हायला हरकत नव्हती. पण महिन्याभराने फाटकाशेजारी माहितीची पाटी लागली. 'मधली उभी पट्टी हे या कारखान्यातील कारागिरांच्या मूळ कलाकुसरीचे वैशिष्ट्य होय.' प्रवासी थांबून फोटो काढू लागले, नेमके पट्टीचेच. आता एकशेएक दवाखान्याच्या फेरीला निघाले की आधी पाटीसमोर उभे राहतात, फोटो काढणाऱ्याला सांगतात, "ही पाचर आहे. मूळ फाटकाला पाचर नव्हती. मी मारली." लोकांना ते विनयाने बोलताहेत असं वाटतं. तक्रारवहीत त्यांनी आजवर तीनदा लिहिलंय, यावेळी 'इतर'मध्ये, कारण हरवलेलं काहीच नाही.

व्यवस्थापक म्हणतो, "काका, पण किती सुंदर पट्टी आहे. शंभर टक्के मूळ वाटते."

"शंभर नाही!" एकशेएक आवाज चढवतात. "ऐकून घ्या, वीस मिलिमीटर..."

"अहो!" आतून हाक येते. लिफ्टच्या दारात एक पाय घालून बाई उभ्या असतात, आणि लिफ्ट दरवाजा बंद होत आहे, दरवाजा बंद होत आहे असं सारखं बजावत असते. "चला आता. माझा गुडघा तिच्यात पाचर म्हणून किती वेळ ठेवू?"